काजव्यांच्या नोंदी: मुळशी, मे-जून २०२५

१० मे, शनिवार

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत काजव्यांसाठी एकच ओळ आहे. "काजवा, लॅम्पिरिस नॉक्टिल्युका, पावसाच्या तोंडाला, भरपूर." शेवटचे दोन रकाने बरोबर आहेत. दुसऱ्या रकान्यातला काजवा मात्र युरोपातला. त्याची मादी बिनपंखी. गवताच्या पात्यावर बसून एकसारखा मंद हिरवा उजेड देत राहते आणि नर तिच्याकडे उडत येतो. मुळशीच्या झाडांवर लुकलुकणाऱ्या थव्याशी याचा काही संबंध नाही. कुठल्याशा जीवशास्त्राच्या पुस्तकातून नाव उचललं गेलं असणार. तिकडच्या पुस्तकांत काजवा म्हटलं की पहिलं नाव हेच येतं.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने ही नोंदवही गावोगाव आली. पक्षी, झाडं, भाताचे वाण यांची पानं लोकांनी मनापासून भरली. किड्यांच्या पानावर सगळ्यांचाच उत्साह आटतो. गावच्या जैवविविधता समितीने आम्हाला सांगितलंय की काजव्याची ओळ नीट करून द्या. म्हणजे प्रश्न सरळ आहे: इथे दिसतो तो काजवा कोणता, आणि शरीराच्या कोणत्या खुणांवरून तो ओळखायचा, की पुढच्या वर्षी गावातल्याच पोरांना ते करता येईल?

आम्ही तिघं. मी आणि एम.एस्सी.ची दोन मुलं. रान तात्यांचं: भाताची खाचरं, बांधावर ऐन, हिरडा, जांभूळ, ओढ्याकाठी दोन मोठे उंबर. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, सगळं काम मालकीच्या जागेत. काजवा मारायचा नाही. धरायचा, बघायचा, फोटो काढायचे, सोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली जाईल तो मेलेला सापडलेलाच.

परवा पौर्णिमा आहे, म्हणून आज चांदणं. उंबराखाली दोन-तीन ठिपके दिसले तेवढेच. सामान जुळवलं: हातजाळं, काचेच्या छोट्या बाटल्या, १० पट भिंग, आलेखाचा कागद, तापमापक, थर्माकोलच्या डब्यात बर्फ. विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद चढवला.

१७ मे, शनिवार

आठवड्यात वळीव झाला. जमिनीला वास आहे आणि काजवे आहेत.

साडेसातला पहिला चमकला, आठपर्यंत ओढ्याकाठचा उंबर भरला. पण आधी तात्यांच्या पडवीतल्या दिव्याखाली जमलेली गर्दी बघून घेतली, कारण ओळखीची पहिली पायरी तीच: हा काजवाच आहे का?

काजवा म्हणजे माशी नव्हे, भुंगेरा. वरचे दोन पंख चामड्यासारखे, पाठीवर मिटलेले. उडायचे पंख त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले. काजव्यांचं कुळ लॅम्पिरिडी, जगात २,००० हून अधिक जाती. त्यांच्यासारखेच मऊ पंखांचे आणखी दोन कुळांतले भुंगेरे दिव्यावर येतात आणि फोटोत हमखास काजवा म्हणून खपतात. एकाचे पंख उभ्या-आडव्या कंगोऱ्यांनी जाळीदार झालेले असतात आणि मागे रुंद होत जातात, रंग बहुतेक भडक विटकरी. हे लायसिडी. दुसऱ्याचं डोकं वरून बघितल्यावर सरळ पुढे आलेलं दिसतं. हे कॅन्थॅरिडी. काजव्याचं डोकं वरून दिसत नाही, किंवा जेमतेम दिसतं. मानेवरची ढाल पुढे सरकून त्यावर आलेली असते, इरलं घेऊन लावणीला वाकलेल्या बाईचं डोकं झाकावं तशी. पोरांना ही खूण एकदा सांगितली, परत सांगावी लागली नाही. जाळीदार पंखवाल्यांचंही डोकं झाकलेलं असतं, म्हणून ढाल आणि पंख दोन्ही बघायचे.

पडवीत आज तिन्ही मिळाले. तात्यांच्या नातवाने जाळीदार पंखवाल्याला "आजारी काजवा" ठरवलं, कारण तो चमकत नव्हता. चमकणं ही खूणही एकटी पुरत नाही, कारण काजव्यांच्या कुळात दिवसा हिंडणाऱ्या, मोठेपणी जवळजवळ उजेड न देणाऱ्या जातीही आहेत.

मग उंबराखाली. पहिला नर बाटलीत घेतला, बर्फाच्या डब्यात चार-पाच मिनिटं. थंडीने हालचाल मंदावते, इजा होत नाही. आलेखाच्या कागदावर ठेवून मोजला: ९ मिमी. ढाल नारिंगी-पिवळी, मध्यावर बारीक उभी खाच. वरचे पंख मातकट पिवळे, टोकाला काळा डाग. मिशा काळसर, दोऱ्यासारख्या, ११ पेरांच्या. डोळे प्रचंड. खालून बघितलं तर दोन्ही डोळे एकमेकांना भिडायला आलेले, मधे तोंडापुरती जागा. नराचे डोळे मोठे असणार हे उघड आहे, मादीचा उजेड शोधायचं काम त्याच्याकडे.

दोन मिनिटांत अंग गरम झालं, पंख उघडले, गेला.

१८ मे, रविवार

कालचे फोटो मुलांनी ओळख सांगणाऱ्या ॲपवर चढवले. ॲपने प्रत्येक फोटोला क्षणात उत्तर दिलं: ॲब्स्कॉन्डिटा चायनेन्सिस. मुलं खूश. मी नाही.

कारण इथे लिहून ठेवते. लिनियसने १७६७ साली या जातीला नाव दिलं, म्हणजे नाव जुनं, आणि आशियात पिवळे पंख-काळं टोक असा काजवा दिसला की हेच नाव चिकटवायची सवयही जुनी. पण याच रंगरूपाच्या जाती अनेक आहेत. ॲब्स्कॉन्डिटा वंशातच (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) पर्प्लेक्सा आहे, जी वॉकरने १८५८ साली श्रीलंकेहून नोंदवली. टर्मिनॅलिस आहे. पाठीवरून तिघी एका माळेचे मणी. शिवाय हा वंशच २०१३ चा. त्याआधी या सगळ्या जाती ल्युसिओला नावाच्या मोठ्या गाठोड्यात होत्या. लेस्ली बॅलन्टाइन या ऑस्ट्रेलियन अभ्यासक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर ते गाठोडं सोडून यांचा वेगळा वंश केला. म्हणजे जुन्या यादीत 'ल्युसिओला' दिसलं तर ते चूक समजायचं नाही, जुनं समजायचं.

ॲप पाठीचा फोटो बघतं. ज्या फोटोंवर ते शिकलं तेही पाठीचेच. मग उत्तर पाठीइतकंच खोल जाणार.

आणि रंगाचा भरवसा किती? परवाच कोषातून निघालेला काजवा फिका असतो, काळा डाग राखाडी दिसतो. संग्रहालयातल्या टाचणीवरच्या नमुन्याची नारिंगी ढाल काही वर्षांत तपकिरी होते. एलईडीच्या उजेडात पिवळा पांढरट येतो. काळा डाग कुणाचा पंखाच्या आठव्या हिश्शापर्यंत, कुणाचा नुसता टोकापुरता, आणि हे सगळे एकाच झाडावरचे. रंग लिहायचा, पण रंगावर नाव ठरवायचं नाही.

यापुढे प्रत्येक काजव्याचे तीन फोटो: पाठ, पोट, बाजू. पोटाचा नसेल तर नोंद धरायची नाही.

२४ मे, शनिवार

आज उलटे काजवे. म्हणजे सगळे पोटाकडून.

पाऊस दुपारपासून थांबून-थांबून. यंदा मे महिन्यातच पावसाळी हवा आहे, तात्या म्हणतात रोहिण्या लागायच्या आधी खाचरात असं पाणी त्यांनी बघितलं नाही. राब भाजून झालेत, पण आवणात बी टाकायला वाफसाच मिळत नाही म्हणून ते हैराण. आमची हैराणी वेगळी, भिंगावर वाफ धरते.

पोटाखालची वलयं मोजायची रीत आधी लिहिते, कारण इथे हमखास गोंधळ होतो. भुंगेऱ्याच्या पोटाचा पहिला खंड खालून दिसतच नाही. म्हणून खालून दिसणाऱ्या पहिल्या वलयाला २ म्हणायचं आणि तिथून पुढे मोजायचं. आमच्या लुकलुकणाऱ्या काजव्यांत (हा ल्युसिओलिनी उपकुळाचा कारभार) नराच्या पोटाला खालून ६ वलयं दिसतात, म्हणजे २ ते ७. त्यातली शेवटची दोन, ६ आणि ७, दिव्याची. विझलेला असतानाही दिवा ओळखू येतो, दाट साईसारखा पांढरा. मादीच्या पोटाला ७ वलयं दिसतात, २ ते ८, आणि दिवा फक्त ६ व्या वलयावर. त्याच्यामागे दोन बिनदिव्याची वलयं राहतात.

म्हणून नर-मादी ओळखायला आकार बघायची गरज नाही. उलटा करा. शेवटच्या टोकापर्यंत पांढरं असेल तर नर; पांढरा पट्टा मधेच संपून पुढे दोन पिवळसर वलयं असतील तर मादी. नातवाला हे शिकवलं, त्याने बाटलीतूनच बाहेरून बघून नर-मादी सांगायला सुरुवात केली आणि एकही चुकला नाही.

आता बारकावा. नराचं ७ वं वलय जिथे संपतं तिथली कड जातीनुसार, वंशानुसार वेगवेगळी. कुठे मधोमध गोलसर जीभ पुढे आलेली, कुठे ती सपाट कापल्यासारखी, कुठे दोन्ही बाजूंना टोकं. मलेशियातल्या क्वाला सेलांगोरच्या खारफुटीतले प्रसिद्ध काजवे, टेरॉप्टिक्स, यांच्यात तर ७ व्या वलयावरचा दिवाच दोन तुकड्यांत विभागलेला आणि नराच्या वरच्या पंखांची टोकं खाली दुमडलेली असतात. ती दुमड भिंगाशिवायही दिसते. आमच्याकडे पंखाची टोकं सरळ, दिवा अखंड, मागे बारीकशी कड तेवढी मोकळी, आणि मधे आखूड गोलसर जीभ. टेरॉप्टिक्स बाद.

दुसरी चाळणी: वरच्या पंखाच्या खांद्यापासून मागे धावणारी ठळक उभी कड. ती असेल तर कर्टोस वंशाकडे बघायचं. आमच्या एकाही काजव्याला ती नाही. पंखावर पुसट उभ्या रेषा आहेत, पण बोट फिरवलं तर लागत नाहीत. कर्टोस बाद.

तिसरी: मिशा. दोऱ्यासारख्या साध्या की करवतीच्या दात्यांसारख्या? दातेरी, रुंद मिशा आणि डोकं पूर्ण झाकणारी मोठी ढाल असेल तर पायरोसीलियासारखे गट तपासायचे. आमच्याकडे साध्या.

इतकं करून हातात काय? ल्युसिओलिनी उपकुळ पक्कं. ॲब्स्कॉन्डिटा वंश बहुतेक. 'बहुतेक' काढायचं असेल तर नराच्या शरीराच्या आतला भाग बघावा लागेल, आणि जिवंत काजव्यात ते होत नाही.

जाता जाता: रस्त्यावर रात्री नऊनंतर गाड्या थांबायला लागल्या. काजवे बघायला आलेली माणसं दिवे लावूनच उभी राहतात, मग म्हणतात कमी झालेत. हेडलाइट उंबरावर पडला की त्या बाजूचे सगळे विझतात. नर मादीच्या एका मंद ठिपक्यासाठी झाड धुंडाळत असतो, त्या उजेडात त्याला तो दिसणार कसा? तात्यांनी बांधाच्या तोंडाला काट्याची फांदी आडवी टाकली.

२७ मे, मंगळवार

आज अमावस्या. ठरवलं होतं की सगळ्यात चांगली रात्र ही. पण काल मोसमी पाऊस मुंबई-पुण्याला येऊन थडकला, इतक्या लवकर. दिवसभर झोडपलं. रात्री काजवे उंबरावर नाहीत. झुडपांच्या पानांखाली, जमिनीलगत थोडे, तेही सुस्त.

एक मात्र हाताला लागलं. पडवीच्या वाशाला कोळ्याच्या जाळ्यात दोन काजवे अडकलेले. एक पोकळ झालेला. दुसरा ताजा, मेलेला, नर. ६ आणि ७ पांढरे. दोन्ही अल्कोहोलच्या बाटलीत, चिठ्ठीवर तारीख, जागा, कोळ्याचं जाळं असं पेन्सिलीने लिहून. (शाईने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये कोरी होते. दरवर्षी नव्या बॅचला हे सांगावं लागतं, यंदाही सांगितलं.)

३१ मे, शनिवार. प्रयोगशाळा

ताज्या नराचं काम.

पोटाची शेवटची वलयं कोमट पाण्यात मऊ केली. बारीक टाचणी वाकवून केलेल्या आकडीने जननांग अलगद बाहेर ओढलं. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवलं, तासाभरात मांसल भाग विरघळून नुसता कडक सांगाडा उरला. तो पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात, काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली.

भुंगेऱ्यांच्या ओळखीत ही शेवटची साक्ष. नराच्या जननांगाचे ढोबळ तीन भाग: मधला दांडा आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन पाख. बाजूचे पाख मधल्या दांड्यापेक्षा किती लांब, खालून बघितलं तर दांड्याच्या दोन्हीकडे डोकावतात की मागे लपतात, टोकाला केस आहेत का, यावर वंश ठरतात. ॲब्स्कॉन्डिटात हे पाख खालून बघताना दांड्याच्या मागे लपतात. आमच्या थेंबात दांडा समोर होता आणि पाख दिसत नव्हते. काचपट्टी फिरवून वरच्या बाजूने बघितलं तेव्हा दोन्ही दिसले. मुलाने दोनदा उलटसुलट केलं, मग माझ्या हातात भिंग देऊन म्हणाला, "मॅडम, लपलेत हो."

बहुतेक हा शब्द काढला. वंश ॲब्स्कॉन्डिटा.

जात? इथे थांबायचं ठरवलं आणि थांबायचं कारण मुलांशी बराच वेळ बोललो. चायनेन्सिस, पर्प्लेक्सा, टर्मिनॅलिस या तिघींत फरक करायला आमच्याकडे एक नर आहे, तोही कोळ्याने चावलेला. त्याची ७ व्या वलयाची कड एका बाजूने फाटलेली. तुलनेला नाव पक्कं असलेला नमुना शेजारी ठेवलेला नाही, नुसती आकृती आहे. एवढ्यावर जातीचं नाव लिहिलं तर आम्ही नॉक्टिल्युकावाल्यांच्याच रांगेत. वंश लिहून पुढे 'जात अनिश्चित' लिहिणं यात कमीपणा वाटून घेऊ नये. ॲब्स्कॉन्डिटा एवढं नाव पुराव्यानिशी आहे. त्यापुढचा शब्द अंदाजाने जोडला की पुढची वीस वर्षं लोक तो अंदाजच उतरवून घेतील.

जननांग ग्लिसरीनच्या इवल्या बाटलीत, उरलेला काजवा वेगळ्या बाटलीत, दोन्हींवर एकच क्रमांक. कुणी जाणकार तपासायला तयार झाला की पाठवता येईल.

७ जून, शनिवार

पाऊस ओसरलाय, हवा दमट, २४ अंश. काजवे परत आले, पण जोर उतरलेला.

चमकण्याची नोंद आज केली. मोबाइल तिपाईवर लावून उंबराचा व्हिडिओ आणि बाजूला तापमान. तापमान लिहिणं आवश्यक, कारण गरम रात्री काजवा भराभर चमकतो आणि गार रात्री संथ. अंशांचा आकडा नसेल तर चमकण्याच्या वेगावरून काही बोलता येत नाही. अमेरिकेत फोटायनस वंशातल्या जाती मुख्यतः चमकण्याच्या लयीवरूनच वेगळ्या काढल्या, जेम्स लॉइड यांनी १९६६ साली ते काम छापलं. तिकडचा फोटायनस पायरॅलिस उडताना इंग्रजी जे अक्षराची रेघ काढतो. मुलांना इंटरनेटवर सापडणारे ओळखीचे तक्ते बहुतेक तिकडचेच असतात. 'रेघ ओढतो का' हा रकाना आमच्या तक्त्यातून खोडायला लावला. तिकडचे वंश इथे नाहीत, तर त्यांचे प्रश्न इथे विचारून काय मिळणार?

आमच्या नराचं चमकणं तुटक, भराभर. झाडावर बसलेले हळूहळू शेजारच्याच्या ठेक्यात येतात, फांदीभर जमतं, मग मोडतं.

साडेनऊला झाडापलीकडे वेगळंच काही गेलं. न लुकलुकणारा हिरवट ठिपका, माणसाच्या उंचीवरून सरळ रेषेत, खाचर ओलांडून. जाळं पोचलं नाही. सतत उजेड देत उडणारे काजवे वेगळ्या गटांतले. डायाफेनीस वंशात असं उडणं असतं, आणि त्यांच्या ढालीला डोळ्यांवर पारदर्शक खिडक्या असतात, म्हणजे हातात आला तर खूण सोपी. पण हातात आला नाही. नोंद फक्त एवढी: 'सतत उजेड, सरळ उड्डाण, ७ जून, रात्री ९.३०, धरलेला नाही.' नाव नाही.

मग तात्यांनी हाक मारली. गोठ्यामागे दगडी तालीच्या फटीत उजेड होता, न हलणारा. दगड सरकवला तर खाली अळी, काळी-तपकिरी, पाठीवर एकामागे एक कडक पत्रे, ४ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तोंड गोगलगायीच्या शंखात खुपसलेलं. आजवर धरलेल्या काजव्याच्या चौपट लांब.

पहिला प्रश्न, अळी की बिनपंखी मादी? काजव्यांच्या काही वंशांत मादीला पंख फुटतच नाहीत, मोठी झाली तरी अळीसारखीच दिसते, आणि यावर फोटोंचे ढीगभर वाद होतात. उत्तर पायात आहे. अळीच्या पायाच्या टोकाला एकच नखी. प्रौढ मादीच्या पावलाला पेरं आणि टोकाला नख्यांची जोडी. भिंगातून: एक नखी. डोक्याच्या बाजूला डोळा म्हणून एकच बारीक काळा टिपका, संयुक्त डोळा नाही. अळी.

दिवे मागून दुसऱ्या खंडावर, दोन वेगळे ठिपके, पोटाच्या ८ व्या खंडाच्या दोन कडांना. शेपटाच्या टोकातून पांढऱ्या मऊ बोटांचा झुबका बाहेर येत होता. त्याने ती दगडाला धरायची, पुढे सरकायची, आणि मधेच अंग वळवून त्याच झुबक्याने डोक्याला लागलेला गोगलगायीचा चिकटा पुसायची. बराच वेळ बघत बसलो. मुलाच्या पायाला जळू लागली तरी तो उठला नाही.

तात्या म्हणाले, "ही गोगलगाय खाती व्हय? मग तिला मारत नको होतो इतकी वर्सं." राब भाजताना बांधाकडेचा पालापाचोळा झाडून घालायची पद्धत आहे, त्यात या अळ्या जातात. २०२२ साली लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची दुबार पेरणी करायला लावली होती, ते तात्यांना टीव्हीवरून माहीत होतं. श्रीलंकेत लॅम्प्रिजेरा टेनेब्रोसा नावाच्या मोठ्या काजव्याच्या अळ्या त्याच शंखी (मूळच्या आफ्रिकन) गोगलगायी खातात असं मी त्यांना सांगितलं. आमच्या अळीचा आकार लॅम्प्रिजेराकडे बोट दाखवतो, पण अळीवरून वंश लिहायचा नाही. रकान्यात 'मोठी अळी, गोगलगाय खाणारी, ॲब्स्कॉन्डिटाची नव्हे' एवढंच. शेवटचा भाग ठामपणे लिहिला, ९ मिमीच्या काजव्याची अळी ४ सेंटिमीटरची होणार नाही.

दगड होता तसा ठेवला. तालीचा तेवढा भाग पुढच्या वर्षी भाजायचा नाही असं तात्यांनी काकूंना सांगितलं, म्हणजे आता ते होईल, कारण राबाचं बघतात काकू.

१४ जून, शनिवार

वटपौर्णिमेच्या चांदण्यानंतर काजवे जवळजवळ संपले. आज रात्री ओढ्याकाठी तुरळक, त्यात माद्या जास्त, ओल्या गवतात खाली बसलेल्या. अंडी घालायची वेळ. गवतात पाय टाकायचा नाही म्हणून बांधावरूनच परत.

समितीसमोर नवी पानं वाचली. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या.

पहिली: ॲब्स्कॉन्डिटा, जात अनिश्चित. मे मध्य ते जून मध्य, उंबर व जांभळावर, भरपूर. खुणा: ढाल नारिंगी, वरचे पंख पिवळे व टोक काळं (या दोन खुणांवर नाव ठरवू नये), मिशा दोऱ्यासारख्या, पंखाला खांद्यापासून कड नाही, टोक दुमडलेलं नाही, नराचे दिवे ६ व ७ वर, मादीचा ६ वर. नराचं जननांग तपासलं, जपून ठेवलं, क्रमांक सोबत.

दुसरी: काजव्याची मोठी अळी, दगडी तालीत, गोगलगाय खाते. पायाला एक नखी.

तिसरी: सतत उजेडाचा उडता काजवा. पाहिला, धरलेला नाही.

एका सदस्यांनी विचारलं, तिसऱ्या ओळीला नावच नाही तर ती ठेवायची कशाला. मी म्हटलं, पुढच्या जूनमध्ये जाळं घेऊन कुठे, किती वाजता उभं राहायचं ते त्या ओळीत आहे. ठेवली. दुसऱ्यांना हवं होतं की पहिल्या ओळीत निदान कंसात तरी चायनेन्सिस लिहावं, पर्यटकांना सांगायला बरं पडतं. त्यावर नातू उठला आणि म्हणाला, "पोट बघितल्याशिवाय कसं लिवायचं?" त्याचा मुद्दा नेमका नाही, पोट बघूनही ते लिहिता आलेलं नाही. पण कंस गेला.

पोटाच्या वलयांची मोठी आकृती काढून शाळेला द्यायची आहे, २ पासून मोजणी दाखवून. दोन भिंगं आणि लाल जिलेटिन तात्यांकडे ठेवलंय. बर्फाची सोय गावात नाही, पण डेअरीवर मिळतो.